जन्मखोडींसह

सेटबीफ्री नावाच्या संगणक-प्रोग्रामचा स्वभाव कळायला त्याचा एक हट्ट सांगितला की पुरे. कळपट्टीवरची मधली पांढरी एक दाबली की तो २६१.५४ हर्ट्‌झचा स्वर देतो. सप्तकाचे बारा समान भाग पाडले तर हा स्वर २६१.६३ यायला हवा. फरक इतका बारीक की एकटा स्वर ऐकून कसलेल्या कानालाही तो सांगता यायचा नाही. संगणकाला अचूक आकडा काढणं जड नव्हतं, उलट तेच सोपं होतं. तरी हा २६१.५४ वर अडून बसतो, कारण शिकागोत बनलेल्या एका जुन्या वाद्यात ८५ दात्यांचं चाक १०४ दात्यांच्या चाकाला फिरवत असे आणि दात्यांचा हिशेब तेवढाच निघतो. अर्धा दाता कापता येत नाही, ही त्या यंत्राची अडचण होती. सेटबीफ्रीला दातेही नाहीत आणि अडचणही नाही. पण ज्याचं सोंग घेतलं त्याची अडचणसुद्धा त्याने अंगावर घेतली आहे.

ते वाद्य म्हणजे हॅमंड ऑर्गन, आणि त्यातलं सगळ्यांत लाडकं रूप म्हणजे बी-थ्री. जोडीला लाकडी कपाटातला फिरता लेस्ली स्पीकर. दोन्ही मिळून वजन अडीचशे किलोंच्या घरात जातं. सातपुड्याच्या कुशीतल्या आमच्या धूलकोटात ते आणायचा विचारही कुणी करणार नाही. माझ्या टेबलावर आहे तो एक जुना लॅपटॉप, त्याला जोडलेली ६१ कळांची स्वस्तातली मिडी-पट्टी, आणि आत हा प्रोग्राम. त्याच्या पोटात बी-थ्रीचं एकही ध्वनिमुद्रण साठवलेलं नाही. दर वेळी तो सगळा ऑर्गन आकड्यांतून नव्याने उभा करतो.

आमच्याकडे बहुरूपी दारी येतात. फौजदाराचं सोंग घेणाऱ्याने नुसती खाकी चढवली तर पोरंसुद्धा फसत नाहीत. चालण्यातला ताठा, घसा खाकरणं, बोलता बोलता खिशातली वही काढून बापाचं नाव विचारणं, हे सगळं आलं की मोठी माणसंही क्षणभर दचकतात. सेटबीफ्री त्या जातीचा आहे.

मूळ पुरुषाची ओळख करून द्यायला हवी. लॉरेन्स हॅमंड वादक नव्हता, त्याचा धंदा विजेच्या घड्याळांचा. घरी येणाऱ्या विजेच्या ठोक्याशी ठोका जुळवून फिरणारी सिंक्रोनस मोटर त्याच्या हाताखालची होती. तीच मोटर त्याने स्वरांना जुंपली. १९३४ साली पेटंट मिळालं आणि १९३५ साली ऑर्गन बाजारात आला. आत एका लांब दांड्याच्या दोन्ही अंगांना ९१ धातूची चाकं, प्रत्येकाचा व्यास पाच सेंटिमीटरहून किंचित कमी. चाकाच्या कडेला कंगोरे. समोर चुंबकाची कांडी आणि तिच्याभोवती तारेचं वेटोळं. कंगोरा कांडीजवळून गेला की तारेत विजेची लाट उठते. सेकंदाला किती कंगोरे गेले, तो स्वर. ही चाकं ऑर्गन चालू असेपर्यंत सगळीच्या सगळी फिरत असतात. आपण कळ दाबतो तेव्हा स्वर जन्माला येत नाही. तो आधीच आत वाजत असतो, कळ फक्त त्याला वाट करून देते.

आवाजाचा पोत ठरतो तो ड्रॉबारांनी. कळपट्टीच्या वर ओढायच्या नऊ दांड्या असतात: दोन तपकिरी, चार पांढऱ्या, तीन काळ्या. प्रत्येक दांडी शून्यापासून आठपर्यंत ओढता येते. पहिली पांढरी मूळ षड्जाची, दुसरी तार षड्जाची. पहिली काळी त्याच्या वरच्या पंचमाची. दुसरी काळी गंधाराची, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. जुळलेल्या तानपुऱ्याजवळ ज्याने कान लावला आहे त्याला हा गंधार ओळखीचा आहे. खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, आपोआप उमटतो तो स्वयंभू गंधार. पण हॅमंडचा गंधार स्वयंभू नाही. त्याच्यासाठी वेगळं चाक घालायचं तर चाकांची संख्या कितीतरी वाढली असती, म्हणून षड्जाच्या वेळी पट्टीवरच्या पांढऱ्या तीनचंच चाक उसनं घेतलं जातं. पांढरी तीन समान भागांच्या हिशेबात बसवलेली आहे. दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं तर हा उसना गंधार खऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो.

तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ते खुपतं. सेटबीफ्रीला हा गंधार दुरुस्त करायचा तर एका गुणाकाराचं काम, आणि तो गुणाकार त्याने केलेला नाही. का केला नाही ते ऐकल्यावर कळतं. अगदी नेमक्या पटीतले उपस्वर मूळ स्वरात विरघळून जातात आणि एकच गुळगुळीत स्वर उरतो. उसन्या चाकांचे उपस्वर पूर्ण विरघळत नाहीत. ते किंचित सुटे राहतात, एकमेकांवरून सावकाश सरकत राहतात, म्हणून कळ दाबून नुसतं बसलं तरी आवाज एका जागी थिजत नाही. आणि षड्जाबरोबर गंधाराची कळही दाबली, की षड्जाने उसनं घेतलेलं चाक आणि गंधाराचं स्वतःचं चाक एकच असल्यामुळे दोघं घट्ट चिकटतात. हॅमंडच्या भरघोस सुरावटींचं बळ त्या चिकटण्यात आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींना धरून पेटीचे सूर लावायचा ध्यास घेतला होता. तो प्रवास नेमका उलट्या दिशेचा. मला दोन्ही मोलाचे वाटतात. देवलांना राग हवा होता, सेटबीफ्रीला हॅमंड हवा आहे, आणि दोघांनीही आपल्याला काय हवं त्याच्याशी तडजोड केली नाही.

बाकीच्या खोडी भराभर सांगतो. हॅमंडच्या प्रत्येक कळीखाली नऊ संपर्क असतात, दर ड्रॉबारामागे एक. कळ दाबली की ते सगळे एका क्षणी जुळत नाहीत, कणभर मागेपुढे होतात. त्यामुळे दर स्वराच्या तोंडाशी ‘टक्’ होतं. हॅमंडच्या अभियंत्यांना हा दोष वाटे आणि तो कमी करायची त्यांची खटपट चाले. वादकांनी मात्र त्याच टकटकीवर लय उभी केली. जिमी स्मिथसारख्या जॅझवादकाच्या द्रुत बोटांतून ती काढून घेतली तर निम्मं वादन जाईल. दुसरी खोड म्हणजे गळती. चाकं एकमेकांना खेटून बसवलेली असल्याने न दाबलेल्या स्वरांचा बारीक गुंजारवही तारांतून झिरपतो. तिसरी, वरच्या टोकाला चाकं संपतात. ९१ च्या पुढे चाक नाही, म्हणून शेवटच्या सप्तकात बारीक स्वरांच्या दांड्यांना एक सप्तक खाली उतरून जुनंच चाक पुन्हा वापरावं लागतं. सेटबीफ्रीला शंभरावं, दोनशेवं चाक फुकट मिळालं असतं. तोही ९१ ला थांबतो आणि तिथून मागे वळतो. टक् आहे, गळती आहे, आणि ती किती असावी हे ठरवायची मुभाही आहे.

आणि एक. माझी मिडी-पट्टी दर कळीबरोबर ती किती जोरात दाबली याचा आकडा पाठवते. सेटबीफ्री तो ऐकत नाही. हॅमंडची कळ हळुवार दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच. लहानमोठेपणा असतो तो पायाखालच्या पेडलात. पेटीवाल्याला हे लवकर उमगतं, कारण त्याचाही जोर बोटांत नसून भात्यावरच्या हातात असतो. पियानो शिकलेली मुलं मात्र सुरुवातीला गोंधळतात.

आता लेस्ली. अर्धा जीव त्याच्यात आहे.

डॉनल्ड लेस्ली कॅलिफोर्नियातला. मोठ्या सभागृहात ऐकलेला हॅमंड त्याला आवडला, आणि घरच्या छोट्या खोलीत तोच ऑर्गन सपाट, बसका वाटला. त्याने ठरवलं की आवाजालाच फिरवायचं. उभ्या कपाटात वर एक दोन तोंडांचा कर्णा गरगर फिरतो. त्यातलं एकच तोंड बोलतं, दुसरं केवळ तोल सांभाळायला. खाली खर्जाच्या स्पीकरखाली लाकडी ढोल फिरतो, तोही कर्ण्याच्या उलट दिशेने. सुमारे ८०० हर्ट्‌झच्या वरचे स्वर कर्ण्याला, खालचे ढोलाला. वेग दोन: एक मंद, एक द्रुत. १९४० च्या सुमारास लेस्लीने ही युक्ती हॅमंड कंपनीला दाखवली आणि कंपनीने ती नाकारली. पुढे कित्येक वर्षं कंपनीने आपल्या ऑर्गनच्या शेजारी हा स्पीकर उभा राहू नये अशीच भूमिका ठेवली. वादकांनी, चर्चच्या गायकांनी, जॅझ वाजवणाऱ्यांनी दोघांची जोडी स्वतःच लावली. अखेर १९८० साली लेस्लीचं नाव हॅमंड कंपनीकडेच आलं. सेटबीफ्रीत दोघं पहिल्यापासून एकाच घरात राहतात.

रावेर-बुऱ्हाणपूरच्या बाजूला रुळाशी उभं राहून न थांबणारी मेल ज्याने पाहिली आहे त्याला शिट्टी जवळ येताना चढते आणि लांब जाताना उतरते हे ठाऊक आहे. लेस्लीचा कर्णा हेच दर फेरीला करतो. सेटबीफ्रीच्या सेटिंगच्या फायलीत हे सगळं साध्या मजकुरात लिहिलेलं असतं: कर्ण्याची त्रिज्या १९ सेंटिमीटरच्या आसपास, मंद चालीत मिनिटाला चाळीसच्या आसपास फेरे, द्रुत चालीत चारशेच्या वर. हिशेब केला तर द्रुत चालीत कर्ण्याचं तोंड सेकंदाला सुमारे साडेआठ मीटर वेगाने फिरतं, आणि तेवढ्याने स्वर ४० सेंटच्या आसपास वरखाली डोलतो. तो आकडा हाताने बदलून पाहिला की प्रोग्राम कसा विचार करतो ते कळतं. त्रिज्या दुप्पट केली तर डोलणं असह्य होतं, निम्मी केली तर आवाज अशक्त वाटतो. डॉनल्ड लेस्लीने लाकूड कापताना जे माप धरलं ते कानाने धरलं होतं, याची खूण पटते.

पण लेस्लीची खरी मजा त्याच्या स्थिर वेगात नसून वेग बदलण्यात आहे. खटका मंदावरून द्रुतावर टाकला की हलका कर्णा सेकंदाभरात वेग पकडतो. जड ढोलाला पट्टा ताणत, घसटत वेग घ्यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तोवर वरचा आवाज नाचायला लागलेला आणि खालचा अजून उठतोय, अशी ओढाताण चालते. उतरतानाही तेच. वादक नेमका त्या ओढाताणीसाठी खटका टाकतो, सुरावट पुरी व्हायच्या जरा आधी, म्हणजे शेवटचा स्वर येईपर्यंत कर्णा उधाणाला आलेला असतो. सेटबीफ्रीच्या आत ना ढोल ना पट्टा. तरी त्याला ढोलाच्या जडपणाचं गणित शिकवलेलं आहे. मी खटका टाकतो आणि तो ढोलाला वेळ देतो. त्या तीन-चार सेकंदांसाठी मी त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा बसतो.

हे सारं पहिल्यांदा मोजून लिहून काढलं ते स्वीडनच्या फ्रेडरिक किलँडरने, बिअट्रिक्स नावाच्या प्रोग्राममध्ये. पुढे रॉबिन गारेउस आणि विल पँथर यांनी त्याच्यावर मेहनत घेतली आणि सेटबीफ्री आकाराला आला. तो मुक्त परवान्याखाली आहे. कुणीही घ्यावा, उघडून वाचावा, बदलावा. विकत मिळणारे बहुरूपीही आहेत. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा बी-फोर २००० साली आला तेव्हा वादकांनी तो उचलून धरला होता, इटलीच्या गुइदो स्कोन्यामिल्योच्या व्हीबी-थ्रीचे चाहतेही भरपूर. त्यांतले काही ऐकायला सेटबीफ्रीपेक्षा चकचकीत वाटतील. मला हा जवळचा वाटतो तो त्याच्या उघडेपणामुळे. दर खोडीला फायलीत एक ओळ आहे आणि ती वाचता येते.

आपल्याकडे सोंगाची ही परंपरा जुनी आहे. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन साऱ्या देशाने गारुड्याची समजून डोक्यावर घेतली. ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या कळपट्टीवर वाजवलेली होती. इलेक्ट्रॉनिक तानपुरा तर आता रियाजाच्या खोलीत नसला तर चुकल्यासारखं वाटतं. त्यातही कस लागतो तो जवारीत. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जी झणझण मिळवायची ती म्हणजे तारेच्या स्वच्छ कंपनातला अडथळाच. तो अडथळा नीट उतरला नाही तर तानपुरा नुसता भुणभुणतो. पेटीच्या खोडींवर तर आपण इतके भांडलो की आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दार बंद ठेवलं. मींड येत नाही, सूर बांधलेले, श्रुती हरवतात. आरोप खरेच होते. तरी कीर्तनात, भजनात, संगीत नाटकांत पेटी आणि पायपेटी वाजत राहिली, आणि गोविंदराव पटवर्धनांसारख्यांनी त्या बांधलेल्या सुरांतून नाट्यपदाचा शब्द न् शब्द ऐकवला. म्हणून सेटबीफ्रीने जपलेल्या खोडींकडे पाहताना मला परकं वाटत नाही.

त्याची एक उणीव मात्र मला नेहमी जाणवते. तो लेस्लीचं सोंग घेतो ते मायक्रोफोनपुढच्या लेस्लीचं. फायलीत कर्ण्यापासून मायक्रोफोनचं अंतरही दिलेलं आहे, आणि डाव्या-उजव्या कानाला जे ऐकू येतं ते त्या दोन काल्पनिक मायक्रोफोनांचं म्हणणं. खोलीत खरा लेस्ली असेल तर आवाज चारी भिंतींवर फेकला जातो, पाठीमागून येतो, दारातून बाहेर जाऊन परत येतो. माणूस त्या फिरण्याच्या आत बसलेला असतो. हेडफोन लावला की ध्वनिमुद्रणातला लेस्ली हुबेहूब मिळतो, खोलीतला मिळत नाही. आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर तर ढोलाचा आवाज पोचतच नाही. त्याचा दोष प्रोग्रामला देता येत नाही, पण ते कमी आहे हे खरं.

धूलकोटात बसून त्याचं एक सेटिंग मला फार प्रिय झालं आहे. हॅमंडच्या मोटरीचा वेग घरच्या विजेवर ठरतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, आपल्याकडे ५० ची. अमेरिकेचा बी-थ्री जसाच्या तसा इथे लावला तर मोटर मंद फिरेल आणि पांढरी एक दाबल्यावर खालच्या पांढऱ्या सहाच्याही किंचित खालचा सूर येईल. म्हणून ५० हर्ट्‌झच्या देशांसाठी वेगळ्या दात्यांचे ऑर्गन बनले. सेटबीफ्रीला दोन्ही दंतपंक्ती पाठ आहेत: एकीचं नाव गिअर-६०, दुसरीचं गिअर-५०. मी ५० ठेवतो. इथे खरा ऑर्गन असता तर तो याच दात्यांवर चालला असता, आणि त्याचा षड्ज इंदिरा सागरच्या आणि सिंगाजीच्या जनित्रांच्या गतीला बांधलेला राहिला असता. ग्रीडची फ्रिक्वेन्सी ५० वरून ४९ वर घसरली की साऱ्या ऑर्गनचा सूर ३५ सेंटने उतरला असता; गायकाला काही कळायच्या आत षड्ज पायाखालून सरकला असता. ज्यांनी नव्वदच्या दशकातली वीज पाहिली आहे त्यांना हा प्रसंग रोजचा झाला असता हे सांगायला नको. ही एकच खोड सेटबीफ्रीने घेतलेली नाही. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाला ग्रीडशी देणंघेणं नसतं, आणि वीज गेली तरी बॅटरीवर तो त्याच सुरात वाजत राहतो.

त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या पेटीशी त्याचं जमतं. तिच्या पट्ट्या किंचित चढ्या बोलतात आणि सूर घासायला कारागीर मिळेपर्यंत त्या तशाच राहणार. खऱ्या हॅमंडला तिच्यासाठी कणभरही सरकता आलं नसतं. सेटबीफ्रीच्या फायलीत मी ४४० च्या जागी ४४३ लिहिलं, आणि सगळी ९१ चाकं आपापले दाते सांभाळून तेवढी वर आली. भजनाला पेटी पुढे असते, हा मागे. पहिली तपकिरी आणि पहिली पांढरी एवढ्याच दांड्या बाहेर, कर्णा मंद चालीवर. दुसरी काळी शून्यावर. गाणारा जो गंधार लावतो तो उसन्या चाकाच्या गंधाराच्या खालीच लागतो, आणि दोन्ही एकत्र वाजले तर त्याला सूर धरणं अवघड जातं.